शनिवारी बसा, शुक्रवारी उतरा

दर काही महिन्यांनी तोच फॉरवर्ड येतो. सामोआतून शनिवारी विमानात बसा आणि अमेरिकन सामोआत शुक्रवारी उतरा, चोवीस तास मागे! यंदा भाच्याने त्यात स्वतःची भर घातली: “मामा, असं सारखं जात राहिलं तर माणूस म्हातारा व्हायचाच नाही.”

अरे, पण परत कसा येणार?

सामोआतला अपियाजवळचा फालेओलो विमानतळ आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो यांच्यात सुमारे 150 किलोमीटर अंतर आहे. मुंबईहून नाशिक सरळ रेषेत साधारण तेवढंच. पंख्याचं छोटं विमान पाऊण तासाच्या आत पोचवतं. शनिवारी सकाळी दहाला निघालात आणि चाळीस मिनिटांनी उतरलात, तर पागो पागोच्या भिंतीवरचं घड्याळ दहा चाळीसच दाखवतं. तुमचं मनगटावरचंही तेच दाखवतं, काटा हलवायचीसुद्धा गरज नाही. फक्त शेजारच्या कॅलेंडरवर शुक्रवार असतो. येताना शनिवारी दहाला निघा, रविवारी दहा चाळीसला उतराल. जाताना मिळालेला दिवस येताना गेला. दाढी मात्र दोन्ही खेपांत चाळीस मिनिटांचीच वाढली!

आपल्याला तर हे समजायला जड जाऊ नये. पंचांगात क्षयतिथी येते, म्हणून त्या दिवशी सूर्य उगवायचा राहिला असं कुणी म्हणत नाही. तिथीचं गणित वेगळं, हे मान्य. पण मोजणीतला आकडा गळला म्हणून काळ गळत नाही, एवढं तरी आजीकडून शिकलेलं असतं.

दिवस दोनदा मोजणं आणि दिवस गाळणं, सामोआने हे दोन्ही प्रकार केले आहेत. 1892मध्ये अमेरिकेशी दिवस जुळवताना तिथे 4 जुलै दोनदा आला. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे वळला. सामोआ रविवारी चर्चमध्ये असताना सिडनीत सोमवारची कचेरी उघडलेली असे. म्हणून 2011 साली गुरुवार, 29 डिसेंबर संपला आणि थेट शनिवार, 31 उजाडला. अमेरिकन सामोआ जुन्याच तारखेवर राहिला, आणि दोन शेजाऱ्यांत एक दिवस येऊन बसला.

जिथे वार बदलतो ती वाररेषा 180 अंश रेखांशावर सरळ जाते? नाही, वळसे घेत जाते. दोन्ही सामोआ त्या रेखावृत्ताच्या एकाच बाजूला आहेत. ती आंतरराष्ट्रीय कराराने ठरली आहे? तेही नाही, आपली वेळ प्रत्येक देश स्वतः ठरवतो. दोन ठिकाणांत चोवीस तासांहून जास्त फरक असूच शकत नाही? किरिबातीची लाइन बेटं पागो पागोच्या 25 तास पुढे आहेत. आणि नकाशाच्या डाव्या टोकाला सामोआ, उजव्या टोकाला फिजी दिसतं म्हणून मध्ये अख्खं जग आहे असं समजू नका. अंतर जेमतेम 1,200 किलोमीटर.

आता कुणी उलट टोकाला जाऊन म्हणेल, वार म्हणजे नुसती पाटी, काय फरक पडतो! सामोआतल्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट ख्रिश्चनांना विचारा. सातवा दिवस विश्रांतीचा. 2011नंतर तो नव्या शनिवारी पाळायचा, की आधीपासूनची सात दिवसांची मोजणी न तोडता, आता ज्याला रविवार म्हणतात त्या दिवशी? पंथाने रविवार धरला. काहींना ते पटलं नाही. ते वेगळे झाले आणि शनिवारी जमू लागले.