आपत्तीतील रुग्ण-वर्गवारी आणि दारूचा वास

आपत्तीत जखमींची संख्या उपचार करणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर जाते, तेव्हा कोणाकडे आधी धाव घ्यायची हे ठरवण्याच्या पद्धतीस ‘ट्रायाज’ म्हणजे रुग्ण-वर्गवारी म्हणतात. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात विकसित झालेल्या ‘स्टार्ट’ पद्धतीनुसार, चालू शकणाऱ्यांना हिरवी खूण मिळते. ज्यांचा श्वास मिनिटाला 30 पेक्षा अधिक वेळा होतो, ज्यांची मनगटातील नाडी लागत नाही किंवा ज्यांना साधी सूचनाही पाळता येत नाही, त्यांना तातडीची लाल, श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास न घेणाऱ्यांना काळी आणि उरलेल्यांना पिवळी.

अशा वेळी जखमीच्या तोंडाला येणारा दारूचा वास परिचारिकेची दिशाभूल करू शकतो, कारण बरळणे हे मेंदूच्या दुखापतीचे किंवा रक्तातील साखर उतरल्याचेही लक्षण असते. शिवाय नित्य पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर थरथर, झटके आणि दोन-तीन दिवसांनी जिवावर बेतणारा भ्रम संभवतो. सुटलेले व्यसन पुन्हा जडणे हाही चारित्र्याचा दोष नसून दीर्घकालीन आजाराचाच भाग आहे. म्हणून खुणेचा रंग रुग्णाच्या श्वास, नाडी आणि शुद्धीवरूनच ठरला पाहिजे, त्याच्या व्यसनावरून नव्हे.