बाजार आणि स्मारके

शिराळ्याला पाहुणा आला की आपण त्याला प्रथम मारुतीच्या देवळात नेतो. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी हा एक. स्थापना शके १५७६, म्हणजे इ. स. १६५४ ची. मग भुईकोटाची जागा दाखवितो आणि १६८९ साली संभाजी महाराजांना येथे सोडविण्याचा प्रयत्न झाल्याची परंपरागत हकीकत सांगतो. बाजारातून जाताना मात्र आपण भाव पाहतो, भोवती पाहत नाही. वास्तविक गावाचा इतिहास बाजारात जितका उघडपणे बोलतो तितका क्वचितच दुसरीकडे बोलत असेल. हे ध्यानात यावे म्हणून आम्ही पुण्याच्या मंडईचे उदाहरण घेतो. आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखाशी तिचा दुहेरी धागा आहे.

मंडईच्या हाकेच्या अंतरावर तुळशीबाग आहे. तेथील राममंदिराचे काम १७६१ साली सुरू केले ते नारो आप्पाजी खिरे यांनी. हे पेशवाईतील पुण्याचे सुभेदार, मूळचे साताऱ्याकडील पाडळीचे. देव आला, देवामागून दर्शनाची माणसे आली आणि माणसांमागून दुकाने आली. पूजेची उपकरणी, पितळी भांडी, कुंकू, मुलींची भातुकली असा बाजार देवळाच्या आश्रयाने वाढला. आपल्याकडील बहुतेक जुन्या पेठांच्या जन्माची रीत हीच आहे.

मंडईची गोष्ट निराळी. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढे उघड्यावर भरे. त्यासाठी मोठी इमारत बांधावी असे नगरपालिकेने ठरविले, तेव्हा तिला विरोध झाला. विरोध करणारे सभासद होते जोतीराव फुले. त्यांचे घराणे साताऱ्यातील कटगुणचे. इमारतीवर ओतावयाचा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. वासुदेव बापूजी कानिटकर यांनी दगडी काम उभे केले, मधोमध अष्टकोनी उंच मनोरा चढला आणि १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने बाजार सुरू झाला.

त्या काळी सार्वजनिक जागी नाव लागे ते राज्यकर्त्यांचे. १९२४ साली मात्र मंडईपाशी लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. अनावरण पंडित मोतीलाल नेहरूंनी केले. पुतळ्याची जागा पाहा : बाग नव्हे, कचेरी नव्हे, तर जेथे भाजीवाली टोपली उतरविते ती जागा. ज्यांच्यासाठी स्मारक, त्यांच्या वाटेवरच ते उभारले गेले.

पण स्मारकाचा मान कोणाला, हा प्रश्न त्याने मिटला नाही. पुढल्याच वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत महात्मा फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव आणला. त्यावरून शहरात मोठे वादळ उठले आणि ठराव फेटाळला गेला. नंतर आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे साहेबांचे नाव गेले आणि इमारत महात्मा फुले मंडई झाली. ज्याने इमारतीला विरोध केला त्याचेच नाव तिला लाभले! कोणी यास विपर्यास म्हणेल. आम्हांस तो न्याय वाटतो. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या पुरुषाचे नाव शेतकऱ्याचा माल जेथे विकतो तेथे नको, तर कोठे असावे?

तात्पर्य इतकेच की, बाजारातील देऊळ, मनोरा वा पुतळा ही नुसती शोभा नव्हे. समाजाने कोणाला मानले, कोणाला नाकारले आणि आपली चूक केव्हा सुधारली, याचे ते उघडे दप्तर आहे. या दप्तरावर जाहिरातींचे फलक ठोकले, पायथ्याशी कचरा टाकला, तर वाचणार काय? पुण्याचे पुणेकर पाहतील. आपण उद्या पिशवी घेऊन बाजारात निघालो की क्षणभर मान वर करावी आणि बरोबरच्या पोराला विचारावे, "हे कोणी बांधले, ठाऊक आहे का रे?" त्याला उत्तर देता आले नाही, तर दोष पोराचा नव्हे, आपला आहे.