वाळा आणि आपले कान

मिरगाचा पाऊस लागला की मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत न्हाणीच्या मोरीत, माडाच्या आळ्यात, कुंडीखाली वाळा दिसू लागतो. त्याच्यामागोमाग ठरलेलं वाक्यही येतं : "वाळो कानात शिरता!" मग चप्पल उचलली जाते आणि वीतभरही लांब नसलेला साप चिरडला जातो.

माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते आणि पुढे पडद्याने बंद असते. वाळा साधारण दहा ते सतरा सेंटिमीटरचा. तो तिथे मावणार कुठे? 'मेंदूपर्यंत जातो' म्हणणाऱ्यांनी तर मधला पडदा पार गाळूनच टाकलेला असतो. बरं, आत जाऊन खाणार काय? त्याचा आहार म्हणजे मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या आणि कोष. कानातला मळ त्याच्या काही कामाचा नाही.

या समजुतीचं मूळ मात्र कळण्यासारखं आहे. मातीत पाणी भरलं की वाळा वर येतो, मोरीतून घरात शिरतो आणि उजेड टाळायला दिसेल त्या फटीत तोंड घालतो. जमिनीवर झोपणाऱ्याच्या उशाशी तो वळवळताना दिसला तर दचकायला होणारच. पण दचकणं वेगळं आणि कान फोडल्याच्या गोष्टी नातवंडांना सांगणं वेगळं.

बाकीचे समज झटपट निकालात निघतात. वाळा विषारी? मुळीच नाही. शेपटीने डंख मारतो? टोकाचा बारीक काटा तो मातीत रोवून पुढे सरकतो; हातात घेतला तर तोच टोचतो, इतकंच. नागाचं पिल्लू? ते जन्मतःच फणा काढतं, त्याचे डोळेही स्पष्ट दिसतात. वाळ्याचे डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन काळे ठिपके, उजेड-अंधार ओळखण्यापुरते. गांडूळ? नीट पाहा : अंगावर चकचकीत खवले, आणि मधूनच लवलवणारी इवलीशी जीभ.

'एकाला मारलं तर जोडीदार डूख धरतो' हा समज तर इथे फारच गमतीदार ठरतो. वाळ्यांत नर सापडतच नाहीत. मादी नराशिवाय अंडी घालते आणि पिल्लंही साऱ्या माद्याच. रोनाल्ड नुसबॉम यांनी 1980 साली सेशेल्स बेटांवरच्या वाळ्यांचा अभ्यास करून याला आणखी पुरावे दिले. त्यामुळे कुंडीच्या मातीतून गेलेली एकच मादी नव्या मुलखात वस्ती करायला पुरते. वेंगुर्ल्याहून काजूची कलमं पिशवीतल्या मातीसकट गावोगाव जातात. जगभरच्या रोपांची वाहतूकही अशीच मातीसकट होत आली आणि तिच्यासोबत वाळा हवाईपर्यंत पोहोचला.

सिंधुदुर्गात सापाला भ्यायचंच तर फुरशाला भ्यावं. साप ओळखता येत नसेल तर हात लावू नये; वाळा असल्याची खात्री असेल तर सुपलीत घेऊन माडाच्या मुळाशी सोडावा. वाळवीची अंडी त्याला तिथे मिळतील.