धुक्यात ‘आधी मी’ चालत नाही : रात्रीच्या सागरी प्रवासाचे नियम

केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ११ जून २०१७ च्या पहाटे ‘अंबर एल’ या मालवाहू जहाजाने मच्छीमार नौकेला धडक दिली आणि तिघांचा बळी गेला. एप्रिल २०२१ मध्ये मंगळुरूनजीक ‘एपीएल ल हाव्र’ या कंटेनरवाहू जहाजाची ‘रबाह’ या मासेमारी नौकेशी मध्यरात्रीनंतर टक्कर झाली. त्या नौकेवरील १४ जणांपैकी केवळ दोघे बचावले. पश्चिम किनाऱ्यावर मालवाहू जहाजांचे मार्ग आणि मासेमारीची क्षेत्रे एकमेकांना छेदतात. त्यामुळे रात्री कोणी कोणाला वाट द्यायची, हा प्रश्न तेथे जीवन-मरणाचा ठरतो.

याचे उत्तर १९७२ मध्ये संमत झालेल्या आणि १९७७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांत आहे. महाकाय तेलवाहू जहाजापासून शिडाच्या होडीपर्यंत सर्वांना ते बंधनकारक आहेत. रात्रीचे नियम दिव्यांवर आधारलेले आहेत. जहाजाच्या डाव्या बाजूस लाल, उजव्या बाजूस हिरवा, मागील टोकास पांढरा आणि यंत्रावर चालणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवर समोरून दिसणारा आणखी एक पांढरा दिवा असतो. प्रत्येक दिवा ठरावीक कोनातूनच दिसतो. म्हणूनच कोणता रंग दिसतो, यावरून समोरच्या जहाजाचे तोंड कोणीकडे आहे ते कळते. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ते थेट आपल्या दिशेने येत आहे. अशा वेळी दोन्ही यांत्रिक जहाजांनी उजवीकडे वळायचे असते. उजवीकडून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसत असेल, तर वाट देण्याची जबाबदारी आपली. पांढऱ्याच्या वर हिरवा दिवा म्हणजे जाळे ओढणारा ट्रॉलर, तर पांढऱ्याच्या वर लाल म्हणजे अन्य पद्धतीने मासेमारी करणारी नौका. अशा नौकांना यांत्रिक जहाजांनी वाट द्यावी लागते.

मात्र ही सवलत मासेमारीत गुंतलेल्या नौकेलाच मिळते. जाळी वर घेऊन नांगर टाकलेल्या नौकेला नांगराचा पांढरा दिवा लावावाच लागतो आणि टेहळणीही सोडता येत नाही. दिवसभराच्या श्रमांनंतर सगळे खलाशी झोपी जाणे समजण्यासारखे आहे. पण नियमाला थकवा मान्य नाही.

अंतराचे गणित पाहिले की या कठोरतेचे कारण उमगते. १२ मीटरपेक्षा लहान नौकेचे लाल-हिरवे दिवे किमान एक सागरी मैलावरून दिसावेत, एवढीच अपेक्षा आहे. ताशी २० सागरी मैल वेगाने येणारे जहाज तेवढे अंतर तीन मिनिटांत कापते आणि थांबण्यासाठी त्याला अनेकदा त्याहून अधिक अंतर लागते. त्यात डेकवरचे प्रखर दिवे जळत असतील, तर त्या झगमगाटात नियमाचे दिवे लोपतात. नौका लांबून दिसते खरी, पण ती कोणत्या दिशेने चालली आहे हे कोणालाच कळत नाही. शिवाय तांडेलाचे स्वतःचे डोळे दिपलेले असतात. अंधाराला सरावण्यासाठी डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात.

धुक्यात मात्र नियमांचा पायाच बदलतो, आणि ही बाब मच्छीमारांपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही असे वाटते. वाट देण्या-घेण्याचे सारे नियम जहाजे एकमेकांना डोळ्यांनी दिसत असतील तरच लागू होतात. ती दिसेनाशी झाली की शिडाच्या होडीचा, मासेमारी नौकेचा अग्रहक्कही उरत नाही. प्रत्येकाने वेग कमी करायचा आणि समोरच्या बाजूने भोंगा ऐकू आला, तर धोका नसल्याची खात्री होईपर्यंत अगदी मंद व्हायचे किंवा थांबायचे. पावसाळ्यातील मुसळधार सरींनाही हेच नियम लागू आहेत; कोकण किनाऱ्यावर तर धुक्यापेक्षा या सरीच अधिक वेळा दृष्टी अडवतात.

अशा वेळी कान कामी येतात. चालते यांत्रिक जहाज दोन मिनिटांच्या आत एकदा दीर्घ भोंगा देते. मासेमारी नौका आणि शिडाची होडी एक दीर्घ व दोन लघु. नांगरलेली नौका दर मिनिटाला पाच सेकंद घंटा वाजवते. लहान होडीला यातून सूट असली, तरी काहीतरी परिणामकारक आवाज करणे तिलाही भाग आहे. मात्र धुक्यात आवाजाची दिशा फसवी असते, त्यावरून सुकाणू वळवणे धोक्याचे.

रडारही चुकीच्या समजुतीवर उपाय ठरत नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ ‘आंद्रेआ डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ या प्रवासी जहाजांनी एकमेकांना रडारवर पाहिले होते. इटालियन जहाज दाट धुक्यात ताशी २० मैलांहून अधिक वेगाने चालले होते. एक डावीकडे वळले, दुसरे उजवीकडे, आणि टक्कर झाली. ५१ जणांचा मृत्यू झाला. समोर दिसणाऱ्या ठिपक्याची दिशा काही मिनिटांच्या अंतराने पुनःपुन्हा मोजणे, हा त्यावरचा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. अंतर घटत असूनही होकायंत्रावरील दिशा बदलत नसेल, तर टक्कर होणार असेच गृहीत धरायचे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून देशभरातील एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्स्पॉन्डर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. समुद्रातून संकटसंदेश पाठवणे आणि वादळाचा इशारा मिळणे त्यामुळे शक्य होते. परंतु जवळून जाणाऱ्या जहाजाला नौका दाखवणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. लाकडी किंवा फायबरची होडी रडारचे तरंग फारच क्षीणपणे परावर्तित करते आणि उंच लाटांत तिचा ठिपका हरवून जातो. डोलकाठीवर शक्य तितक्या उंच बांधलेला धातूचा साधा रडार-परावर्तक हा ठिपका ठळक करतो. त्याला ना वीज लागते, ना इंधन.