नजरेची सवय

'चिनी माणसे सगळी एकसारखीच दिसतात' हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, नेमकी हीच तक्रार शांघायचा एखादा दुकानदार गोऱ्या प्रवाशांविषयी करीत असेल, हे आपल्या ध्यानीही येत नाही. ज्या कळपात आपल्याला काळे आणि पांढरे यापलीकडे भेद दिसत नाही, त्यातले चुकार कोकरू कोणत्या मेंढीचे हे धनगर लांबूनच सांगतो (उपमेबद्दल क्षमा असावी). उणीव मेंढरांत नसते.

१९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्यांचे वर्णन करताना गोऱ्या मंडळींनी केसांच्या आणि बुबुळांच्या रंगावर भर दिला, तर आफ्रिकी मंडळींनी चेहऱ्याची ठेवण, भुवया, हनुवटी अशा खुणा टिपल्या. आता जिथे झाडून सर्वांचे केस काळे, तिथे पहिल्या मंडळींची किल्ली कुलपाला लागणार कशी? ही किल्ली जन्मजात नसते. तीन महिन्यांचे इंग्रज बाळ आफ्रिकी, चिनी, गोरे असे सारे चेहरे वेगवेगळे ओळखते, आणि तेच नऊ महिन्यांचे होईतो केवळ आपल्या भोवतालच्या वंशाच्या चेहऱ्यांत निष्णात होऊन बाकीच्यांना पारखे होते. पण रक्ताचा येथे संबंध नाही, हे मला सर्वांत पटले ते फ्रान्समधील दत्तक मुलांमुळे: तीन ते नऊ वर्षांच्या वयात युरोपीय कुटुंबांत आलेली ही कोरियन मुले मोठेपणी गोरे चेहरे अचूक ओळखू लागली आणि स्वतःसारख्या चेहऱ्यांपाशी अडखळू लागली.

न्यायालयात मात्र हे अडखळणे महाग पडते. १९८४ च्या जुलैत, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या बर्लिंग्टन गावी बलात्काराला बळी पडलेल्या एका गोऱ्या विद्यार्थिनीने, पुढे साक्ष देता यावी म्हणून, हल्लेखोराचा चेहरा निग्रहाने न्याहाळून ठेवला होता. आणि तिने आधी छायाचित्रांतून व मग ओळखपरेडीतून निवडलेला रोनाल्ड कॉटन हा कृष्णवर्णीय तरुण, १९९५ साली डीएनए चाचणीने बॉबी पूल हा खरा गुन्हेगार ठरेपर्यंत, दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. ओळख पटविण्याच्या पद्धतीतही दोष होते; सारा ठपका नजरेवर ठेवता येणार नाही. तरीही १९८७ च्या फेरखटल्यात हाच पूल तिच्यासमोर आणला गेला होता, आणि या माणसाला आपण आयुष्यात कधी पाहिलेले नाही, असे तिने शपथेवर सांगितले होते.