ओपन सोर्स गेमवर ट्रेडमार्कची तक्रार आली तर?

बीडजवळच्या कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास मन्मथस्वामींची यात्रा भरते. लहानपणी तिथून मी हातात धरून खेळायचा एक गेम आणला होता. वरून ठोकळे पडायचे, ओळ भरली की गायब व्हायची. खेळ टेट्रिसचाच, पण खोक्यावर छापलेलं ‘ब्रिक गेम’.

त्या नावातली हुशारी मला इंजिनिअरिंगला कळली. एका नावाजलेल्या बोर्ड गेमसारखा गेम मी लिहिला, मूळ नावात थोडा बदल करून ओपन सोर्स केला. काही महिन्यांनी ट्रेडमार्कची तक्रार आली. घाबरून मी सगळा कोडच डिलीट करायला निघालो होतो. त्यात दोन मित्रांचंही काम होतं. नशीब, आधी थोडं वाचलं.

इथे तीन गोष्टी वेगळ्या असतात.

नियम : खेळ कसा खेळायचा, यावर कॉपीराइट नसतो.

नाव : याला ट्रेडमार्क लागू होतो. कोलकात्याच्या अग्रवाला बंधूंचा ‘स्क्रॅब्युलस’ आठवतोय? 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात कॉपीराइटचा मुद्दा मानला नाही, पण नाव वापरायला मनाई केली. गेम ‘लेक्स्युलस’ नावाने चालू राहिला. ग्नोमचा ‘ग्नोमेट्रिस’ही पुढे ‘क्वाड्रापॅसेल’ झाला.

रूप : नाव बदललं म्हणजे सुटलो असं नाही. 2012 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘मिनो’ हा गेम टेट्रिसच्या कॉपीराइटचा भंग ठरवला, कारण तो दिसायलाही जवळपास तसाच होता.

‘फुकट देतोय, मग काय बिघडलं?’ हा बचाव चालेलच असं नाही. ओपन सोर्स लायसन्स कोड वापरायची परवानगी देतं, दुसऱ्याचं नाव वापरायची नाही.

मग करायचं काय?

1. तक्रार नावाबद्दल आहे की चित्रं-कोडबद्दल, ते नीट वाचा. डीएमसीएची प्रति-नोटीस कॉपीराइटसाठी असते, ट्रेडमार्कसाठी नाही.
2. नाव सगळीकडून बदला: रिपॉझिटरी, पॅकेज, आयकन, विंडोचं शीर्षक, भाषांतरं, स्क्रीनशॉट.
3. लिनक्स डिस्ट्रोमध्ये तुमचं पॅकेज असेल तर ते सांभाळणाऱ्यांना कळवा.
4. दिलेल्या मुदतीत शांतपणे उत्तर द्या. पैसे मागितले किंवा कोर्टाची नोटीस आली, तर मात्र वकील गाठा.

मला नाव आणि आयकन बदलायला एक संध्याकाळ लागली. मित्रांचा कोड मात्र जसाच्या तसा राहिला.