लाल रंगाचा हिशेब

कर्ज मागायला आलेल्या माणसाची बँक चौकशी करते ती त्याच्या मिळकतीची, तारणाची आणि परतफेडीच्या सवयीची. उमेदीची वर्षे बँकेत घालवल्यामुळे या चौकशीत मला काही गैर वाटत नाही. परंतु माणसाकडे न पाहता नुसता त्याचा पत्ता पाहूनच अर्ज बाजूला सारला तर? आणि असे नकोसे पत्ते असलेल्या साऱ्या गल्ल्या नकाशावर लाल रंगाने रंगवून ठेवल्या तर?

अमेरिकेत नेमके हेच घडले. महामंदीत हप्ते थकून लाखो कुटुंबांवर घर गमावण्याची पाळी आली, तेव्हा त्यांना सावरण्यासाठी सरकारने १९३३ साली ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ स्थापन केली. हेतू चांगलाच होता. याच संस्थेने १९३५ ते १९४० या काळात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करवले. हिरवी वस्ती उत्तम, निळी बऱ्यापैकी, पिवळी उतरणीला लागलेली आणि लाल म्हणजे धोकादायक! प्रत्येक वस्तीच्या माहितीपत्रकात घरांच्या किमतींबरोबरच परदेशी जन्मलेली कुटुंबे किती, कृष्णवर्णीय किती, कोणाचा ‘शिरकाव’ होतो आहे, असेही रकाने होते. कृष्णवर्णीयांची वस्ती बहुधा लाल रंगातच जाई. पुढे अशा नकाराला ‘रेडलायनिंग’ हेच नाव पडले. घरांच्या व्यवहारातील वर्णभेदावर कायद्याने बंदी आली ती १९६८ साली.

हे नकाशे कचेऱ्यांतच राहिले. ज्यांच्या घरांवर लाल रंग फासला होता, त्यांनी ते पाहिलेही नसतील. २०१६ साली रिचमंड विद्यापीठाने इतर विद्यापीठांतील अभ्यासकांच्या साथीने ते संगणकावर सर्वांसाठी खुले केले. ‘मॅपिंग इनइक्वालिटी’ हे त्या प्रकल्पाचे नाव. भिंतीवरच्या नकाशापेक्षा हा नकाशा वेगळा आहे. वस्तीवर बोट ठेवावे, की ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या मूल्यमापकाचा शेरा समोर येतो.

मग २०१८ साली आणखी एक दालन उघडले. सरासरी चार हजार लोकवस्तीचा एकेक भाग घेऊन, अमेरिकेतील अशा सुमारे ६५ हजार भागांचे सरासरी आयुर्मान प्रसिद्ध झाले. आता जुन्या नकाशावर नवा ठेवून पाहणे शक्य झाले. २०२० सालच्या एका अभ्यासात, पूर्वीच्या लाल वस्त्यांतील आयुर्मान वरच्या श्रेणीतील वस्त्यांपेक्षा सरासरी ३.६ वर्षांनी कमी आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, कॅलिफोर्नियातील आठ शहरांत लाल वस्त्यांमधून दम्यासाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येणाऱ्यांचे प्रमाण हिरव्या वस्त्यांच्या २.४ पट भरले. १०८ शहरांत जमिनीचे तापमान तपासले, तेव्हा लाल वस्त्या इतरांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने अधिक तापलेल्या निघाल्या.

कर्जाचा आणि दम्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. कर्ज नाही म्हणून घर विकत घेता येत नाही, गळके छप्पर दुरुस्त होत नाही. घराला किंमत नाही म्हणून मालमत्ता करातून चालणाऱ्या शाळेला पैसा नाही. जमीन स्वस्त म्हणून महामार्ग आणि कारखाने तिथेच येतात, झाडे मात्र येत नाहीत. व्याजावर व्याज चढावे तसे हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चढत जाते आणि शेवटी माणसाच्या फुप्फुसात जमा होते.

अर्थात, सारे पाप या नकाशांच्या माथी मारणे बरोबर नाही. दारिद्र्य आणि वर्णभेद आधीपासूनच होते, नकाशांनी बरेचसे तेच नोंदवले, असे काही इतिहासकार सांगतात. परंतु त्या नोंदीवर सरकारी शिक्का बसला, हे नाकारता येत नाही. शिकागोत सरोवराकाठच्या स्ट्रीटरव्हिलमध्ये सरासरी आयुर्मान सुमारे ९० वर्षे आणि तिथून पंधराएक किलोमीटरवरच्या एंगलवूडमध्ये सुमारे ६०, असे २०१९ साली समोर आले. एका शहरात तीस वर्षांचे अंतर! शहराची एकच सरासरी काढली असती, तर ते दिसलेही नसते.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतात. म्हणजे नंदुरबारच्या नकाशात सपाटीवरचा शहादा आणि सातपुड्यातला धडगाव एकाच रंगात दिसणार. मुंबईच्या २००९ सालच्या मानव विकास अहवालाने मात्र विभागवार हिशेब मांडला, म्हणूनच गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी असल्याचे सर्वांना कळले.

तेव्हा नकाशे हवेतच, पण सावधपणे. लाल रंग आज मदत कुठे हवी हे सांगतो. उद्या तोच पाहून एखादी विमा कंपनी हप्ता वाढवील, एखादी बँक अर्ज बाजूला ठेवील. रंग तोच, उपयोग मात्र उलटा. म्हणून आरोग्याचा नकाशा ज्या वस्तीचा आहे, त्या वस्तीतल्या माणसाला तो आधी उघडता आला पाहिजे. त्यातली चूक दाखवता आली पाहिजे, आणि ‘आमच्याकडे दवाखाना का नाही?’ हा प्रश्न त्याच नकाशावर बोट ठेवून विचारता आला पाहिजे. पूर्वीच्या लाल वस्त्यांना ती संधी कोणीच दिली नव्हती.